‘जातिवंत’ पूडल आणि आपले घर : टाकून दिलेला कुत्रा सांभाळायला घेताना

कुत्रा घरी आणला की शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणत्या जातीचा आहे?" वय काय, खातो काय, चावतो का, हे सगळे नंतर. लॅब्राडोर, पूडल, शिह त्झू असे उत्तर आले की चेहरे खुलतात. गावठी म्हटले की "मग घरात कशाला?" इंग्रजीतल्या ‘ब्रीड’ला मराठीत आपण सरळ ‘जात’ म्हणतो आणि चांगल्या मानलेल्या कुत्र्याला ‘जातिवंत’. ज्या समाजाच्या पिढ्यान्‌पिढ्या या शब्दाशी लढण्यात गेल्या, त्याच समाजाच्या घरात तो कुत्र्याच्या पट्ट्याला बांधून परत येत असेल, तर उंबऱ्यावरच त्याला थोडे थांबवून विचारायला हवे.

छत्रपती संभाजीनगरात सिडको-हडको, गारखेडा, उस्मानपुरा, बीड बायपास अशा भागांत लहान, कुरळ्या केसांचे कुत्रे आता सहज दिसतात. त्यांतले काही पुढे रस्त्यावरही दिसतात. अंगावर केसांच्या जटा, डोळ्यांना चिपडे, कानात गोचीड, आणि गाडीचा हॉर्न वाजला तरी बाजूला व्हायचे कळत नाही, कारण रस्त्यावर राहण्याची सवयच नसते. मग तरुणांच्या व्हॉट्सॲप गटात फोटो येतो : ‘पूडल सापडला आहे, कुणी घर देईल का?’ आपल्या वस्त्यांतली कुटुंबेही अशा वेळी पुढे येऊ लागली आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण फोटो पाहून मन विरघळणे आणि पुढची दहा-बारा वर्षे त्या जिवाला सांभाळणे यांत फार अंतर आहे. ते अंतर आधी समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

पूडल म्हणजे नेमके काय

पूडल हा मुळात पाण्यातला कुत्रा. त्याचे नाव जर्मन भाषेतले, पाण्यात छपछप करण्यावरून आलेले. शिकाऱ्याने पाडलेले बदक तळ्यातून तोंडात धरून आणणे हे त्याचे काम. फ्रान्समध्ये त्याला ‘कानिश’ म्हणतात, त्या नावाच्या मुळाशीही बदकच आहे. अंगावरचे केस भादरून छातीवर आणि सांध्यांवर गोंडे ठेवायची ती प्रसिद्ध कटिंग, जिच्यामुळे पूडल म्हणजे श्रीमंत बाईच्या मांडीवरचे खेळणे असे चित्र तयार झाले, तिचीही सुरुवात याच कामातून झाली असे सांगतात. पोहायला अंग हलके हवे, पण थंड पाण्यात छाती आणि सांधे उबदार राहायला हवेत. फॅशन नंतर आली.

याचे आकार वेगवेगळे. मोठा ‘स्टँडर्ड’ पूडल लॅब्राडोरच्या तोडीचा असतो. त्याखाली ‘मिनिएचर’, आणि सर्वांत लहान ‘टॉय’, ज्याची खांद्यापर्यंतची उंची साधारण दहा इंचांच्या आत आणि वजन दोन-तीन किलो. शहरातल्या फ्लॅटमध्ये जो दिसतो तो बहुधा टॉय, किंवा टॉय म्हणून विकलेला कोणता तरी संकर. ‘टीकप पूडल’ नावाने जे विकले जाते तो कोणताही मान्य प्रकार नाही. मुद्दाम अतिलहान, अशक्त पिल्ले निवडून केलेला तो धंदा आहे. अशा पिल्लांच्या रक्तातली साखर थोड्या उपाशीपणानेही घसरते आणि ती कोसळतात.

डोक्याने हा कुत्रा फार तल्लख. स्टॅन्ली कोरेन या मानसशास्त्रज्ञाने १९९४ साली कुत्र्यांच्या बुद्धीवर पुस्तक लिहिले, त्यात बॉर्डर कोलीनंतर दुसरा क्रमांक पूडलला दिला. ऐकायला छान वाटते. पण हुशार कुत्रा दिवसभर एकटा कोंडला गेला तर तो आपली हुशारी सोफा फाडण्यात, सतत भुंकण्यात आणि स्वतःचेच पाय चाटून जखमा करण्यात खर्च करतो. शोभेची बाहुली हवी असेल तर पूडल हा चुकीचा प्राणी आहे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : केस. बहुतेक कुत्र्यांचे केस ठरावीक लांबीपर्यंत वाढतात आणि झडतात. पूडलचे केस आपल्या डोक्यावरच्या केसांसारखे वाढतच राहतात, आणि झडलेला केस खाली पडण्याऐवजी कुरळ्यांतच अडकतो. विकणारा सांगतो, "केस गळत नाहीत, घर स्वच्छ राहते." खरे आहे. पण न गळणारा केस कुणाला तरी विंचरावा लागतो, हे तो सांगत नाही. दोन-तीन आठवडे कंगवा लागला नाही की गुंता होतो, गुंत्याची जट होते, जटेखालची कातडी ओली राहून सडते, कधी त्यात अळ्या पडतात. ‘पूडलमुळे ॲलर्जी होत नाही’ हेही अर्धेच खरे. ॲलर्जी आणणारी प्रथिने कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात असतात. केस कमी उडाल्याने काहींना त्रास कमी होतो इतकेच. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी त्याला त्या कुत्र्याजवळ दोन-चारदा तास-दोन तास बसवून पाहावे.

तो रस्त्यावर कसा येतो

फॅशनचा फेरा आपण आधीही पाहिला आहे. २००३ मध्ये हच कंपनीच्या जाहिरातीत एका मुलामागे धावणारा पग आला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. जाहिरात संपली, चपट्या नाकामुळे धापा टाकणारा कुत्रा मात्र राहिला, आणि अनेक शहरांत पग टाकून दिले जाऊ लागले. आता मोबाइलच्या पडद्यावर टेडी बेअरसारखा कापलेला पूडल आहे. वाढदिवसाला मुलीला भेट म्हणून आणला, सहा महिन्यांत केसांचा गुंता झाला, ग्रूमिंगचे बिल आले, बदली झाली, बाळ झाले, घरमालकाने हरकत घेतली. कारणे अशीच असतात.

दुसरा रस्ता जास्त अंधारा आहे. व्यापारासाठी परदेशातून कुत्रे आणण्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये बंदी घातली. त्यामुळे मागणी भागवायला इथेच, खोल्यांमध्ये आणि गच्च्यांवर, पिल्ले काढली जातात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पिल्ले काढून विकणाऱ्याने राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, दीड वर्षाच्या आतील मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. आपल्या ओळखीत कुणी पिल्लू विकत घेताना नोंदणीचा कागद मागितला आहे का, हे स्वतःलाच विचारा. वर्षानुवर्षे पिल्ले देऊन थकलेली मादी धंद्याच्या उपयोगाची राहत नाही. ‘रेस्क्यू’ म्हणून सापडणाऱ्या पूडलमध्ये अशी मादी ओळखू येते : सड लोंबलेले, दात किडलेले, माणूस जवळ आला की जमिनीला चिकटून बसणारी.

इथे अंगुत्तर निकायातील वणिज्जा सुत्ताची आठवण ठेवावी. उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार त्यात सांगितले आहेत : शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जिवांचा व्यापार म्हणजे माणसांची विक्री, असा अर्थ अट्ठकथेत दिलेला आहे हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण खोलीत कोंडून वर्षाकाठी पिल्ले काढून घेतलेली मादी डोळ्यांसमोर आणली, तर ‘सत्त’ या शब्दातून तिला वगळायला आमचे मन तयार होत नाही. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : कुत्रा विकत घेऊ नये. घ्यायचाच तर टाकून दिलेला घ्यावा.

रक्तशुद्धीची किंमत

‘जातिवंत’ हे प्रकरण फार जुने नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला. कुत्र्यांच्या वंशावळीची वही ठेवायची आणि वहीत आईबाप नोंदलेले असतील तरच पिल्लाला ‘शुद्ध’ म्हणायचे, ही पद्धत त्या काळात पक्की झाली. वही बंद, म्हणजे बाहेरचे रक्त बंद. परिणाम काय झाला? तीच ती जनुके फिरत राहिली आणि आजार वंशात मुरले. पूडलमध्ये डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन येणारे अंधत्व, लहान पूडलमध्ये गुडघ्याची वाटी सरकणे, मोठ्या पूडलमध्ये ॲडिसन नावाचा ग्रंथींचा आजार, हे सगळे पशुवैद्यांच्या नेहमीच्या परिचयाचे आहे. आपल्या गल्लीतला गावठी कुत्रा कोणत्याही वहीत नाही, आणि बहुधा म्हणूनच इथल्या उन्हाला आणि इथल्या अन्नाला तो पुरून उरतो.

बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये, जात ही वंशाची किंवा रक्ताची शुद्धता राखते या दाव्याचा समाचार घेतला आहे. तो युक्तिवाद माणसांबद्दलचा आहे, तो कुत्र्यांवर चिकटवायची गरज नाही. पण शुद्धतेच्या वेडाने काय होते, याचे उदाहरण कुणाला हवे असेल तर ते पशुवैद्याच्या टेबलावर पडलेले आहे.

स्मशानातला कुत्रा आणि राजवाड्यातले कुत्रे

जातककथांमध्ये बाविसावी कथा कुक्कुर जातक आहे. आपल्या विहारांत ती फारशी सांगितली जात नाही, म्हणून इथे थोडी सविस्तर सांगतो. वाराणसीचा राजा उद्यानातून संध्याकाळी परतला. रथ अंगणात तसाच राहिला, रात्री पाऊस पडला आणि रथाचे चामडे भिजले. राजवाड्यातल्या पाळीव कुत्र्यांनी ते खाऊन टाकले. सेवकांनी सांगितले, बाहेरचे कुत्रे गटाराच्या वाटेने आत आले असावेत. राजाने हुकूम सोडला : दिसेल तो कुत्रा मारा. फक्त राजवाड्यातल्या कुत्र्यांना सूट. पालीत या कुत्र्यांना ‘कोलेय्यक’ म्हटले आहे, म्हणजे कुळातले, खानदानी.

शहरातले कुत्रे पळून स्मशानात गेले. तिथे त्यांचा प्रमुख होता बोधिसत्त्व, त्या जन्मी कुत्रा. तो एकटा निघून राजाच्या न्यायसभेत गेला आणि त्याने राजाला विचारले, चामडे कुणी खाल्ले हे तुम्हाला माहीत आहे का? नाही. मग सगळ्यांना मारण्याचा हुकूम, आणि त्यातही घरच्यांना वगळून, हा न्याय कसा? पक्षपात, द्वेष, अज्ञान आणि भय या चार वाटांनी राजाने जाऊ नये, असे त्याने सुनावले. मग ताक आणि दर्भ मागवून राजवाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावले. त्यांनी ओकारी केली आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडले.

आजच्या गोंधळात ही कथा कान देऊन ऐकण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडावा, पिसाळलेले किंवा आक्रमक कुत्रे वगळून, आणि प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून भटका कुत्रा दत्तक घेता येईल, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांवरून कुत्रे हटवण्यास सांगितले. या सगळ्या चर्चेत पूडल कुठेच नव्हता. त्याला सूट आहे, तो कोलेय्यक. पण मालकाने दार लावून घेतले की तोच पूडल एका रात्रीत ‘भटका’ होतो. पशू क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये प्राणी टाकून देणे हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये आहे. सेव्हन हिलला एक चहा-नाश्ता याहून महाग पडेल.

या कथेतला बोधिसत्त्व चावऱ्या कुत्र्यांची वकिली करत नाही, हेही पाहून ठेवा. तो दोष कुणाचा आहे ते शोधायला सांगतो. भटक्या कुत्र्यांचा उपद्रव खोटा नाही. पहाटे झाडायला निघणाऱ्या सफाई कामगार भगिनी, कचरा वेचणारी मुले, रात्रपाळी करून वाळूजहून परतणारे कामगार यांच्या पोटऱ्यांवर त्या दातांच्या खुणा असतात. ही माणसे बहुतांशी आपलीच आहेत. बंगल्याच्या फाटकाआडून ‘बिचारे कुत्रे’ म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

"आधी माणसांचे बघा"

कुत्रा दत्तक घ्या म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांकडून हा प्रश्न येणारच, आणि तो फालतू नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची संपत्ती म्हणजे कुत्री आणि गाढवे, असे लिहून ठेवले आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना मज्जाव नव्हता, आपल्या माणसांना होता. म्हणून २० मार्च १९२७ घडले, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला तो ग्रंथ जाळला गेला. कुत्र्याशी तुलना करून ज्यांना हिणवले गेले, त्यांच्या मनात कुत्र्याबद्दल अढी असेल तर तिला कारण आहे.

आणि तरीही एक छायाचित्र आपल्या कितीतरी घरांत आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचे राजगृह. यशवंतराव, बाबासाहेब, रमाई, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि त्यांच्यासोबत बाबासाहेबांचा आवडता कुत्रा टॉबी. छायाचित्रात माणसे ओळखताना बहुतेक जण टॉबीचे नाव वगळतात. ज्या माणसाने तळ्यावर जनावरापेक्षा खाली लेखले जाण्याचा अपमान जाहीरपणे मांडला, त्याच माणसाने घरात कुत्र्याला कुटुंबाच्या छायाचित्रात जागा दिली. अपमान कुत्र्याने केलाच नव्हता. तो करणारे वेगळे होते.

माणसांचे प्रश्न सुटेपर्यंत प्राण्यांकडे पाहू नये, असे म्हणणारा माणूस बहुधा माणसांकडेही पाहत नसतो, असा आमचा अनुभव आहे. पण एक मर्यादा आम्ही मानतो : घरात मुलांच्या फीची ओढाताण असेल, तर आजारी पूडल आणू नका. त्यात करुणा कमी पडत नाही. काही दिवसांसाठी सांभाळ करणे, दवाखान्यात नेणे, पत्रक फिरवणे, एवढ्यानेही काम होते.

घरी आणण्याआधी आणि नंतर

सापडलेला पूडल टाकलेलाच असेल असे नाही. हरवलेलाही असू शकतो. कुणाचे तरी लेकरू रडत असेल. म्हणून आधी पशुवैद्याकडे नेऊन मायक्रोचिप तपासून घ्या, परिसरात आणि गटांत फोटो टाका, मात्र एखादी खूण फोटोत दाखवू नका. मालक म्हणून येणाऱ्याला ती विचारता येते. जुने फोटो आणि लसीकरणाचे कार्ड मागा. आपल्या शहरात खडकेश्वरला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, खासगी दवाखानेही आहेत. दुसरी सावधगिरी : ‘ॲडॉप्शन’ लिहून हजारो रुपये मागणारा माणूस पिल्ले विकतो आहे. झालेल्या उपचारांचा खर्च पावती दाखवून मागणे वेगळे.

जटा झालेला कुत्रा आणला की सगळ्यांची पहिली धाव बाथरूमकडे असते. ते करू नका. पाणी लागले की गुंता आवळतो. कात्रीही चालवू नका, जटेत कातडी ओढली गेलेली असते आणि कापली जाते. ते काम मशीनने, पशुवैद्य किंवा अनुभवी ग्रूमरने करायचे, गरज पडल्यास गुंगी देऊन. त्याच भेटीत जंतांचे औषध, गोचीड घालवण्याचे औषध आणि रक्ततपासणी करून घ्या; मराठवाड्याच्या हवेत गोचीडतापाचे प्रमाण मोठे आहे आणि सुरुवातीला कुत्रा फक्त मलूल दिसतो. रेबीजची आणि इतर आजारांची लस पशुवैद्य सांगतील त्या क्रमाने. दात आणि कान मुद्दाम दाखवा. पूडलच्या लोंबत्या कानात आतूनही केस असतात, हवा लागत नाही आणि कान सडतात. अंगात ताकद आली की नसबंदी. यात तडजोड नको. "एकदा तरी पिल्ले होऊ द्या, शेजारचे मागताहेत" हे वाक्य जिथे ऐकू येते, त्या घरात पूडल देऊ नये, असे आम्ही कार्यकर्त्यांना स्पष्ट सांगतो.

घरात आल्यावर त्याला एक कोपरा द्या, जिथे कुणी हात लावणार नाही. या कामात मुरलेले लोक तीनाचा हिशेब सांगतात : तीन दिवस भीतीचे, तीन आठवडे घराची रीत समजण्याचे, तीन महिने आपलेपणाचे. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण पहिल्या चार दिवसांत "हा खातच नाही, परत घेऊन जा" म्हणणाऱ्यांना तो सांगण्यासारखा आहे. घरभर पाहुणे बोलावून दाखवू नका. लहान मुलांना जेवणाऱ्या आणि झोपलेल्या कुत्र्याजवळ जाऊ देऊ नका. दोन किलोचा टॉय पूडल मुलाच्या हातातून पडला तर त्याचा पाय मोडतो, आणि घाबरलेला कुत्रा लहान असला तरी चावतो. चावला, दात लागला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा आणि घाटीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना लावू नका. कुत्रा घरचा आहे म्हणून लस टाळू नका, कारण नव्याने आणलेल्या कुत्र्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखा पाळा.

खाण्याचे फार अवघड नाही. नुसते दूध-पोळी पुरत नाही. अंडी, उकडलेले चिकन, भात, भोपळा-गाजर, किंवा तयार खाद्य. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट हे विष आहे. आपल्या रश्श्यात कांदा-लसूण असतोच, तेव्हा "थोडासा रस्सा घातला" हेही नको. शिजवलेली हाडे नकोत.

केसांसाठी आमचा सल्ला एकच : शोभेची कटिंग विसरा. सगळ्या अंगावर बारीक, साधारण अर्धा-एक इंच केस ठेवा. दर सहा आठवड्यांनी कापा आणि दिवसाआड कंगवा फिरवा. कातडीपर्यंत भादरू नका, उन्हाने भाजते. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या या शहरात आठवड्याला आंघोळ कुणालाच परवडणार नाही, आणि पूडलला तिची गरजही नाही. नीट विंचरलेल्या कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे, तेही अर्ध्या बादलीत होते. नंतर कान कोरडे करायचे. एप्रिल-मे मध्ये फिरवणे सकाळी लवकर आणि रात्री. आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर काही सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याचे तळवेही भाजणार.

घर भाड्याचे असेल तर आधी घरमालकाशी बोला. गृहनिर्माण संस्थांनी कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालू नये, असे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवले आहे, पण भाडेकराराचा कागद वेगळा असतो. विष्ठा उचलणे, पट्टा लावणे, रात्री भुंकणे थांबवणे ही कामे मात्र आपली. शेजाऱ्याला त्रास देऊन केलेली मैत्री-भावना शेजाऱ्याला पटत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या दिनदर्शिकेचा आहे, कारण तो कुठल्याही श्वानपालनाच्या पुस्तकात सापडणार नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा डीजे क्रांती चौकातून पुढे सरकत असताना आतल्या गल्लीतला पूडल पलंगाखाली लाळ गाळत थरथरत असतो. दिवाळीच्या फटाक्यांतही तेच. त्या संध्याकाळी त्याला आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावा, पंखा-कूलर चालू ठेवा, घरातल्या एकाने जवळ बसा, आणि दाराला कडी असल्याची खात्री करा. अशा रात्री सुटलेले कुत्रे लांबवर पळतात. डीजेचा आवाज कमी करण्याबद्दल समाजात चर्चा चालू आहेच, त्यात हेही एक कारण धरावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला अख्खे घर निघते. तेव्हा कुत्र्याचे काय? कुलूप लावून, परातीत दोन दिवसांचा भात ठेवून जाणे म्हणजे टाकून देणेच आहे. एका वस्तीतल्या अशा तीन-चार कुटुंबांनी आपसांत ठरवून घ्यावे, यंदा एक घर मागे राहील, पुढच्या वर्षी दुसरे. मागे राहणाऱ्याला किल्ली, कंगवा, लसीकरणाचे कार्ड आणि पशुवैद्याचा नंबर द्यावा, आणि निघण्याच्या दोन दिवस आधीच कुत्रा त्या घरी नेऊन ठेवावा, म्हणजे रेल्वेची वेळ झाली म्हणून घाईत त्याला तिथे सोडून यावे लागणार नाही.